युरोपात काम करण्यासाठी जाऊ इच्छिणारे गायक-वादक : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या भागांतील तबला, पखवाज, हार्मोनियम वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या मंडळींकडून पुढील प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शुल्क, रकमा आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्याव्यात. परवाने देण्यामागची रीत मात्र सहसा बदलत नाही आणि येथे भर तिच्यावरच दिला आहे.

युरोपात गायक-वादकाला नोकरी मिळते का?

पगारी नोकरी क्वचितच मिळते. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे १२९ वाद्यवृंद आहेत व त्यांत कायम पगारी वादक असतात. परंतु त्या जागा लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेल्यांसाठी असतात आणि निवडचाचणीची पहिली फेरी अनेकदा उमेदवाराला पडद्याआड बसवून घेतली जाते. आपल्या पद्धतीने शिकलेल्या व्हायोलिनवादकाचा तिथे निभाव लागणे अवघड आहे.

हिंदुस्थानी संगीताचे काम तुकड्यातुकड्यांनी मिळते. महिन्यातून एखादी मैफल, आठवड्याचे चार-पाच विद्यार्थी, कथक किंवा भरतनाट्यमच्या वर्गाला साथ, एखाद्या नाटकासाठी ध्वनिमुद्रण, योगकेंद्रातील कीर्तन, गणेशोत्सवात तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, असे सगळे मिळून घरखर्च भागतो. म्हणून आपण तिथे नोकरदार म्हणून जाणार नसून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जाणार आहोत हे आधी मनाशी पक्के करावे, कारण व्हिसाचा प्रकार, विमा, कर आणि कागदपत्रे या साऱ्यांचे स्वरूप त्यावरच ठरते.

कोणता देश निवडावा?

ज्या देशातून लेखी बोलावणे येते, तो देश. नातेवाईक कुठे राहतो यावरून देश ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती पर्यटनापुरती ठीक आहे. तरीही प्रत्येक देशाची तऱ्हा माहीत असलेली बरी.

जर्मनीत स्वतंत्र कलाकारासाठी परवान्याची वेगळी सोय आहे आणि कलाकारांच्या सामाजिक विम्याची व्यवस्थाही आहे. दोन्हींविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. फ्रान्समध्ये गणित निराळे आहे. तिथला कामगार कायदा असे गृहीत धरतो की पैसे घेऊन रंगमंचावर उभा राहणारा कलाकार हा आयोजकाचा पगारी माणूस आहे. त्यामुळे एका संध्याकाळच्या मैफलीचीही वेतनचिठ्ठी निघते आणि तिच्यातून विम्याचे व निवृत्तिवेतनाचे पैसे कापले जातात. बारा महिन्यांत असे ५०७ तास भरले की काम नसलेल्या दिवसांसाठी भत्त्याचा हक्क मिळतो. कलाकारांसाठी ‘टॅलेंट’ नावाचे निवासपत्र आहे व ते चार वर्षांपर्यंत मिळू शकते. मात्र त्यासाठी फ्रेंच संस्थांशी झालेले करार आणि ठरावीक किमान उत्पन्न दाखवावे लागते.

नेदरलँड्सची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १८७३ साली ‘लल्ला रूख’ हे जहाज उत्तर भारतातील गिरमिटिया मजुरांना घेऊन सुरीनामला पोहोचले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी फार मोठा समाज नेदरलँड्सला आला आणि हेगमध्ये त्याची दाट वस्ती झाली. हार्मोनियम, ढोलक आणि धनताल यांवर चालणारे त्यांचे ‘बैठक गाना’ आजही जिवंत आहे, भजने शिकवणाऱ्यांना तिथे मागणी असते, आणि रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या संस्थेत १९८०च्या दशकापासून हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण दिले जात आले आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे अली अकबर खाँ यांच्या नावाचे संगीत महाविद्यालय १९८५ पासून आहे. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच अल्पमुदतीच्या व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येते, पण युरोपीय संघात येत नाही, त्यामुळे तिथल्या कामाच्या परवान्याचे नियम स्वतंत्र आहेत.

ब्रिटन या दोहोंतही नाही. तिथे अल्पकाळच्या कामासाठी ‘क्रिएटिव्ह वर्कर’ हा व्हिसा असून त्यासाठी नोंदणीकृत प्रायोजक लागतो. एखाद-दुसऱ्या कार्यक्रमाचे निमंत्रण आधीच ठरलेले असेल तर पाहुण्याच्या व्हिसावरही तो कार्यक्रम करता येतो, पण तो पोहोचल्यापासून पहिल्या तीस दिवसांत पार पाडावा लागतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे आणि भारतीय संगीताचा श्रोता तिथे युरोपात इतरत्र मिळणार नाही इतका जाणता आहे. अर्थात वादकांची गर्दीही तिथेच जास्त आहे.

शेंगेन व्हिसावर जाऊन कार्यक्रम करता येतात का? नंतर तिथेच राहता येते का?

अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो असून प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. या व्हिसावर कार्यक्रम करता येईल की नाही हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. जर्मनीत विशेष कलात्मक मूल्य असलेल्या सादरीकरणासाठी बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत मुभा आहे. परंतु अर्जात प्रवासाचा हेतू ‘कार्यक्रम’ असाच लिहायला हवा आणि सोबत आयोजकाचे पत्र जोडायला हवे. ‘पर्यटन’ लिहून तबल्याची जोडी घेऊन विमानतळावर उतरणाऱ्याला प्रश्न विचारले जाणारच.

राहण्याविषयी सांगायचे तर, अल्पमुदतीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीय नागरिकाला दीर्घ मुदतीचा परवाना काढण्यासाठी सहसा मायदेशी परत येऊन नवा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश आणि निर्गमन यांची नोंद बोटांच्या ठशांसह संगणकावर होऊ लागली आहे. एक दिवस जास्त राहिलेलेही आता लपत नाही. उलट नियम पाळणाऱ्यांना २०२४ पासून एक सवलत मिळाली आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर भारतीय अर्जदाराला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन खेपांना छोटे दौरे करून ओळखी वाढवाव्यात आणि मगच स्थलांतराचा विचार करावा, हा क्रम आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो.

जर्मनीतील स्वतंत्र कलाकाराचा परवाना कसा मिळतो?

तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वतंत्र व्यावसायिकांची तरतूद आहे आणि कलाकार तिच्यात बसतात. महाराष्ट्रातील अर्जदारांचे काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येते. अर्जासोबत शिक्षणाची व कामाची माहिती, पुढील काळातील उत्पन्नाचा व खर्चाचा अंदाज, आरोग्यविम्याचा पुरावा, राहण्याची सोय आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जर्मनीतील लोकांची लेखी पत्रे लागतात. एखादी नृत्यशाळा ‘आम्ही यांना आठवड्याला इतके तास, इतक्या युरोंना साथीला घेऊ’ असे पत्र देते, एखादे केंद्र वर्षातून चार मैफलींचे पत्र देते. अशी तीन-चार ठोस पत्रे वीस कौतुकपत्रांपेक्षा भारी पडतात. अर्जदाराचे वय ४५ च्या पुढे असल्यास म्हातारपणाच्या निर्वाहाची तजवीजही दाखवावी लागते.

हा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो आणि नूतनीकरणाच्या वेळी खरोखर किती कमाई झाली ते पाहिले जाते. पोहोचल्यावर घर मिळताच दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, मग कर कार्यालयाकडून क्रमांक घ्यायचा आणि त्यानंतरच पहिले बिल काढायचे. मोठ्या शहरांत नोंदणीला चालेल असे घर मिळवणे व्हिसा मिळवण्याहून कठीण जाते, याची कल्पना इथून निघताना कोणी देत नाही.

आमचे सगळे काम रोख बिदागीवर चालते. पुरावा कुठून आणायचा?

मराठवाड्यातील कलाकारांची खरी अडचण हीच आहे. वाजवण्यात आपली मुले कमी पडत नाहीत. बीड किंवा परभणी जिल्ह्यातला एखादा पखवाजवादक तिशीच्या आत शेकडो कीर्तनांना उभा राहिलेला असतो, पण त्याच्या नावावर एकही करारपत्र नसते, बँकेत एकही ‘मानधन’ म्हणून नोंद नसते आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर हा तरुण कोरा ठरतो.

तरीही हाताशी काहीच नसते असे नाही. अखंड हरिनाम सप्ताहाची छापील पत्रिका घ्या. तिच्यात गावाचे नाव, तिथी आणि तारखा असतात, रोजच्या कीर्तनकारांची नावे असतात आणि खाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, विणेकरी यांची नावे वेगळ्या ओळीत छापलेली असतात. तारीख, ठिकाण आणि आपले नाव एकाच कागदावर आणणारा हा दस्तऐवज आहे आणि आपण तो काल्याच्या दुसऱ्या दिवशी फेकून देतो. अशा पत्रिका वर्षवार लावून ठेवाव्यात, निवडक पत्रिकांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे आणि सोबत अर्धे पान टिपण जोडावे : सप्ताह म्हणजे काय, पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे दोन तासांचे कीर्तन, आणि या सगळ्यात वादक किती वेळ वाजवतो. परक्या माणसाला हे टिपण वाचल्यावर त्या पत्रिकेचे वजन कळते.

आकाशवाणीची श्रेणी हा दुसरा भक्कम पुरावा आहे. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. ध्वनिचाचणी देऊन बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळवलेल्या कलाकाराला लेखी करारपत्र मिळते व मानधन बँकेत जमा होते. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारख्या व्यासपीठावर साथ केली असेल तर त्याचे पत्र मागून घ्यावे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या कलाकार-सूचीत नाव येण्यासाठीही अर्ज करता येतो. १९५० साली स्थापन झालेली ही परिषद बर्लिन, हेग, बुडापेस्ट अशा शहरांतील भारतीय सांस्कृतिक केंद्रे चालवते आणि काही केंद्रांवर संगीताचे शिक्षकही पाठवते.

आजपासून करायच्या गोष्टी साध्या आहेत. बिदागी शक्य तितकी खात्यावर घ्यावी. रोख मिळाल्यास आयोजकाकडून तारखेसह पावती घ्यावी. सुरुवातीला लोक हसतील, नंतर सवय होईल. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरावे. दर वर्षी एका कार्यक्रमाचे दहा-पंधरा मिनिटांचे, मध्ये कुठेही न कापलेले चित्रीकरण ठेवावे, ज्यात हात, चेहरा आणि आवाज तिन्ही स्पष्ट असतील. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या तुकड्यांवरून तिथला आयोजक कोणाला बोलावत नाही.

‘विशारद’ पदवी तिथे चालते का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार ही परीक्षा आपल्याकडे प्रतिष्ठेची आहे आणि कलाकार म्हणून अर्ज करताना ती अवश्य जोडावी. मात्र ती विद्यापीठाची पदवी आहे असे गृहीत धरू नये. जिथे विद्यापीठाचीच पदवी हवी, उदाहरणार्थ पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना, तिथे विद्यापीठातून घेतलेली संगीताची बी.ए. किंवा एम.ए. अधिक उपयोगी पडते. जर्मनीत परदेशी विद्यापीठांची मान्यता ‘अनाबिन’ या माहितीसंचात पाहता येते. आपल्या विद्यापीठाचे नाव तिथे घरबसल्या शोधावे.

शिक्षणाच्या मार्गाने जाणे सोपे आहे का?

वय पंचविशीच्या आत असेल आणि नवे काही शिकण्याची खरोखर इच्छा असेल तर हा मार्ग चांगला आहे. जर्मनीत २४ सरकारी संगीत महाविद्यालये आहेत. बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेते. प्रवेश निवडचाचणीवर असतो आणि तिच्यात पाश्चात्त्य स्वरलिपी व कर्णसाधनेचे प्रश्न असतात. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम, अलीकडच्या नियमानुसार ११,९०४ युरो, बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) ठेवावी लागते व ती दरमहा थोडीथोडी मिळते.

एका गोष्टीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. विद्यार्थ्याला वर्षातून १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण स्वतःच्या नावाने बिल काढून मैफली करणे हे स्वतंत्र व्यवसायात मोडते आणि त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ती न घेता शनिवार-रविवारी तबला वाजवून पैसे मिळवणाऱ्याची पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी अडचण होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर काम शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहता येते.

कागदपत्रांत नेहमी कुठे अडते?

नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पारपत्रावर वडिलांचे नाव गायब, आणि कार्यक्रमपत्रिकेवर तर ‘बाळू महाराज’ इतकेच. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाची गुणपत्रिका, आधार आणि पारपत्र यांतील इंग्रजी अक्षरे एकसारखी करून घेण्यात कित्येक महिने जातात, म्हणून सुरुवात इथूनच करावी. कार्यक्रमांतील टोपणनाव आणि पारपत्रावरील नाव एकाच व्यक्तीचे आहे असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा दिल्यास पारपत्रावर परदेशगमन तपासणीची अट राहत नाही. युरोपीय देशांसाठी ती तपासणी तशीही लागत नाही. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा, म्हणजे एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात खरा मानण्याच्या कराराचा, सदस्य आहे, परंतु काही देशांनी, त्यांत जर्मनीही आली, भारताच्या सदस्यत्वाला हरकत नोंदवली होती. म्हणून ‘सगळ्या कागदांवर अपोस्टिल मारून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी त्या देशाला तो शिक्का चालतो का, हे वकिलातीलाच विचारावे.

किती पैसे लागतील? शेतजमीन दाखवली तर चालते का?

सात-बारा आणि मूल्यांकनाचा दाखला जोडल्याने आपली मुळे गावात आहेत हे कळते आणि अल्पमुदतीच्या व्हिसाला त्याचा उपयोग होतो. महिन्याचे भाडे मात्र सात-बाऱ्याने भरता येत नाही. वकिलातीला बँकेतील, काही महिने खात्यावर टिकलेली रक्कम पाहायची असते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात चार नातेवाइकांकडून जमा केलेले पैसे लगेच ओळखू येतात. स्वतंत्र कलाकाराने किमान सहा ते आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून निघावे असे आमचे मत आहे, कारण पहिले बिल निघायला आणि त्याचे पैसे यायला तितका काळ सहज लागतो. यासाठी जमीन विकू नये. सावकाराकडून पैसे तर मुळीच घेऊ नयेत.

‘सांस्कृतिक पथकातून नेतो’ म्हणणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवावा का?

नाही. वाद्ये हातात देऊन, भजनी मंडळ किंवा नृत्यपथक असल्याचे भासवून माणसे परदेशी नेण्याचा प्रकार जुना आहे आणि त्याला ‘कबूतरबाजी’ म्हणतात. याच्यामुळेच खऱ्या पथकांकडेही वकिलाती संशयाने पाहतात आणि मुलाखतीत कधी कधी वाजवूनही दाखवायला सांगतात. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत असावा लागतो आणि कामगाराकडून त्याला ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर यांपेक्षा अधिक घेता येत नाही. लाखांत बोलणाऱ्याशी पुढे बोलूच नये. मैफलीचे खरे निमंत्रण असेल तर आयोजकाचे संकेतस्थळ असते, मागील वर्षांचे कार्यक्रम सापडतात आणि तो आपल्याकडून पैसे मागत नाही.

वाद्ये कशी न्यावीत?

तबल्याचे खोड बहुधा शिसमाचे असते आणि शिसमाच्या जातीचे लाकूड २०१७ पासून वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित आहे. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे तबल्याच्या जोडीला परवाना लागत नाही. जुन्या तंबोऱ्यांवर व सतारींवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) असू शकते. अशी वाद्ये घेऊन निघू नये, कारण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसारच ती बाहेर नेणे गुन्हा ठरते. मिरजेच्या कारागिराकडून ते भाग बदलून घेता येतात.

निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून वाद्यांचा निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ती नव्याने आणली आहेत असे कोणी म्हणणार नाही. मोठे पथक आणि भरपूर साहित्य असेल तर फिक्की या उद्योग-व्यापार महासंघामार्फत मिळणारे एटीए कार्नेट, म्हणजे साहित्य तात्पुरते शुल्काविना नेण्या-आणण्याचे कागदपत्र, सोयीचे पडते. एकट्या वादकाला त्याची गरज नसते.

तिथल्या हिवाळ्यात बाहेर ओलावा असला तरी घरात तापकामुळे हवा इतकी कोरडी होते की खोडाला चीर जाते, पुडी (तबल्यावरचे कातडे) ताणली जाऊन स्वर चढतो आणि हार्मोनियमच्या लाकडी पट्ट्या वाकतात. खोलीत आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. लंडनच्या साउथॉलसारखा एखादा भाग सोडला तर पुडी बदलून देणारा माणूस जवळपास सापडत नाही. म्हणून दोन-तीन पुड्या, वादी (चामड्याची दोरी) आणि लाकडी गठ्ठे बरोबर घ्यावेत आणि पुडी चढवायला इथेच शिकून जावे. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मात्र तिथल्या पिठाचीही उत्तम बसते. दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे, त्यामुळे आईने दिलेल्या तुपाच्या बरणीचा निरोप मुंबईतच घ्यावा लागतो.

पहाटेचा रियाज करता येईल का?

जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते आणि रविवारी दिवसभर अधिक जपावे लागते. ऑग्सबर्ग येथील एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात २०१८ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी एक-दोन तास हे ढोबळ प्रमाण धरता येते. त्याहून जास्त रियाज करणाऱ्याने तासावर सरावखोली घ्यावी किंवा संगीतशाळेशी बोलणे करावे. शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटून वेळ ठरवून घेतली तर पुष्कळ कटकटी टळतात.

इथून आणखी काय शिकून जावे?

स्वरलिपी वाचायला. तिथल्या वादकांबरोबर काम करताना कोणी ठेका सांगत नाही, समोर कागद ठेवला जातो. हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या स्वराला लावून घ्यावी. जुन्या पेट्या कमी-जास्त स्वराच्या असतात आणि पियानोसोबत वाजवताना ते लगेच कानाला खटकते. मैफल बहुधा सत्तर ते नव्वद मिनिटांची असते व ती ठरल्या मिनिटाला सुरू होते. ध्वनियोजनेची चाचणी, माइकची मागणी, रागांविषयी चार ओळींची माहिती हे सारे आधी लेखी पाठवावे लागते. महोत्सवांची आखणी वर्षभर आधी होते, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठीची पत्रे या उन्हाळ्यातच जायला हवीत.

भाषा येणे आवश्यक आहे का?

जर्मनीतील स्वतंत्र कलाकाराच्या परवान्यासाठी कायद्याने ठरावीक पातळी मागितलेली नाही. पण लहान मुलांना शिकवायचे असेल तर इंग्रजीवर भागत नाही, आणि नियमित उत्पन्न शिकवण्यातूनच येते.

कर, विमा आणि हक्कशुल्क यांचे काय?

दौऱ्यावर गेलेल्या आणि तिथे निवास नसलेल्या कलाकाराच्या मानधनातून जर्मन आयोजक १५ टक्के कर कापतो. एका कार्यक्रमाचे मानधन २५० युरोंपर्यंत असेल तर कापत नाही. भारत आणि जर्मनी यांच्या करारानुसार कलाकाराच्या उत्पन्नावर, ते जिथे मिळाले तिथे, कर लागू शकतो आणि भारतात त्याची वजावट मागता येते, मात्र त्यासाठी कर कापल्याचा दाखला आयोजकाकडून त्याच आठवड्यात मागून घ्यावा. सहा महिन्यांनी मागितल्यास तो मिळेलच असे नाही.

जर्मनीत स्थायिक झालेल्या स्वतंत्र कलाकारासाठी कलाकार सामाजिक निधी आहे. तो १९८३ पासून लागू असून त्याचे कार्यालय विल्हेल्म्सहाफेन येथे आहे. सदस्य कलाकार आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन यांच्या हप्त्याचा साधारण निम्मा भाग भरतो, उरलेला भाग सरकार व कलाकारांना काम देणाऱ्या संस्था उचलतात. वर्षाला किमान ३,९०० युरो कलेतून मिळवण्याची अट आहे आणि नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्यांना पहिली तीन वर्षे तिच्यातून सूट असते. खासगी आरोग्यविम्याचे हप्ते वयाबरोबर वाढत जातात, म्हणून या निधीचा अर्ज पोहोचल्यानंतरच्या पहिल्या कामांत धरावा.

स्वतःच्या रचना असतील तर त्यांची नोंदणी हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थांकडे, भारतात आयपीआरएसकडे किंवा जर्मनीत गेमाकडे, करता येते. पारंपरिक बंदिश ही कोणाच्याही मालकीची नसते.

संबळ, हलगी, गोंधळ, भारूड अशा लोककलांना तिथे वाव आहे का?

आहे, आणि अनेकदा तबल्यापेक्षा अधिक आहे, कारण तबलावादक तिथे आधीपासून आहेत, तर तुळजापूरच्या गोंधळ्याचा संबळ फारसा कोणी ऐकलेला नाही. जागतिक संगीताचे महोत्सव नव्या आवाजाच्या शोधात असतात. अडचण अशी की ही मंडळी चार-सहा जणांच्या पथकाने येतात, प्रत्येकाचा प्रवास आणि मुक्काम आयोजकाला परवडत नाही आणि पथकाच्या वतीने इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा कोणी नसतो. अशा पथकाने तिघा-चौघांत बसेल असा तासाभराचा कार्यक्रम बांधावा, गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला व्यवस्थापक नेमून त्याचा वाटा ठरवून द्यावा आणि स्थलांतराऐवजी उन्हाळ्यातील दौऱ्यांचे ध्येय ठेवावे. विधीचा भाग कोणता आणि रंगमंचावर दाखवण्याचा भाग कोणता हे पथकातील वडीलधाऱ्यांनी आधी ठरवलेले असावे; परदेशी आयोजकाच्या आग्रहाखातर ते ऐन वेळी ठरवण्याची पाळी येऊ नये.

वर्ष-दोन वर्षांनी परत यावे लागले तर?

परत येण्यापूर्वी पत्त्याची नोंदणी रद्द करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे, त्या वर्षाचे करविवरण भरावे आणि घराची अनामत परत घ्यावी. नोंदणी रद्द न करता निघून आलेल्यांच्या नावे विम्याचे हप्ते साचत राहतात आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ती थकबाकी समोर येते. तिथले करार, बिले आणि बँकेचे उतारे बरोबर आणावेत. पुढच्या अर्जासाठी सप्ताहाच्या पत्रिकांच्या वरचा पुरावा तोच असेल. भारत आणि जर्मनी यांच्यात मे २०१७ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, म्हणून निवृत्तिवेतनात जमा झालेल्या महिन्यांचा उतारा मागवून घेऊन जपून ठेवावा.